विष, मात्रा आणि रसायनशास्त्राचा वर्ग

'विष' हा शब्द उच्चारला की आपल्या डोळ्यांपुढे समुद्रमंथनातले हलाहल येते, मीरेपुढे धरलेला प्याला येतो, किंवा इ. स. पूर्व ३९९ मध्ये अथेन्सच्या तुरुंगात सॉक्रेटिसाने शांतपणे घेतलेला हेमलॉकचा रस आठवतो. साहित्याच्या आणि इतिहासाच्या विद्यार्थ्यांना या कथा चांगल्या परिचयाच्या आहेत. या सर्व कथांत एक गोष्ट समान आहे. विष ही इतर पदार्थांहून वेगळी, ओळखू येणारी वस्तू असते आणि कोणीतरी ती कोणालातरी जाणूनबुजून देतो. रसायनशास्त्राच्या वर्गात विषविज्ञान शिकवावयाचे झाले तर पहिल्याच दिवशी ही कल्पना बाजूला ठेवावी लागते. आपल्या भागात विष फार वेगळ्या वेषात घरात येते. गोठ्याच्या देवळीत ठेवलेल्या फवारणीच्या बाटलीतून ते येते, कारखान्याच्या गोदामातल्या चुकीच्या पिंपातून येते, कधी बोअरच्या नितळ पाण्यातूनही येते. तेथे देणाराही नसतो आणि हेतूही नसतो. असते ते केवळ अज्ञान.

मी बी. एस्सी.च्या वर्गांना कार्बनी रसायनशास्त्र शिकवितो. माझ्या वर्गातील निम्म्याहून अधिक मुलेमुली पैठण, गंगापूर, वैजापूर, कन्नड, सिल्लोड या तालुक्यांतून येतात. पदवी घेतल्यावर त्यांतील काही जण वाळूज, चिकलठाणा किंवा शेंद्रा येथील औद्योगिक वसाहतींत गुणवत्ता-नियंत्रणाच्या प्रयोगशाळेत लागतात, तर काही शेतीकडे परत वळतात. म्हणजे कारखान्याच्या आणि शेताच्या अशा दोन्ही दारांतून ही मुले विषारी पदार्थांच्या सहवासात जाणार हे ठरलेलेच आहे. त्यांना आपण काय शिकवून पाठवतो, आणि काय शिकवले पाहिजे, याचा विचार या लेखात करावयाचा आहे. विषय रसायनशास्त्राचा असला तरी कलाशाखेच्या वाचकांना अडचण वाटू नये म्हणून सूत्रे टाळली आहेत.

पाठ्यपुस्तकात असलेले आणि नसलेले

आपल्या पाठ्यपुस्तकांत कीटकनाशकांवर एक प्रकरण बहुधा असते. मॅलॅथिऑन कसे तयार करतात, त्याचे संरचनासूत्र काय, ते कोणत्या किडीवर वापरतात, एवढी माहिती त्यात मिळते. परीक्षेत तेवढेच विचारले जाते, आणि विद्यार्थी सुंदर अक्षरात संश्लेषणाच्या पायऱ्या लिहून येतात. पण तोच पदार्थ फवारणाऱ्याच्या अंगावर सांडला तर काय होईल, हा प्रश्न प्रकरणाच्या शेवटी नसतो. पदार्थ कसा बनतो आणि कसा ओळखावा हे आपण शिकवतो. तो शरीरात गेल्यावर काय करतो हे वैद्यकाच्या विद्यार्थ्यांसाठी सोडून देतो.

याचा परिणाम काय होतो याचे जुने उदाहरण अमेरिकेतील आहे. १९३७ साली तेथील एका औषध कंपनीने सल्फानिलामाइड हे औषध पातळ स्वरूपात बाजारात आणले. विद्रावक म्हणून डायएथिलीन ग्लायकॉल वापरले. कंपनीच्या प्रयोगशाळेत मिश्रणाची चव, रंग आणि सुगंध तपासला गेला, विषारीपणा मात्र तपासला गेला नाही. शंभराहून अधिक माणसे दगावली, त्यांत मुले पुष्कळ होती. रसायनज्ञाला आपले काम येत होते. त्याने एक प्रश्न विचारला नव्हता, इतकेच. या घटनेनंतर १९३८ साली अमेरिकेत औषधांच्या सुरक्षिततेचा कायदा झाला.

जुना विचार

हा प्रश्न विचारण्याची परंपरा आपल्याकडे प्राचीन आहे. आयुर्वेदाच्या आठ अंगांत 'अगदतंत्र' हे विषचिकित्सेचे स्वतंत्र अंग आहे. सुश्रुतसंहितेतील कल्पस्थान विषांना वाहिलेले आहे, आणि चरकसंहितेच्या चिकित्सास्थानातही विषचिकित्सेचा अध्याय आहे. योग्य रीतीने योजल्यास तीव्र विषही उत्तम औषध ठरते आणि चुकीच्या योजनेने औषधही तीव्र विष होते, असा विचार चरकसंहितेत स्पष्टपणे मांडला आहे. युरोपात सोळाव्या शतकात पॅरासेल्ससने हाच विचार मात्रेच्या भाषेत सांगितला: सर्वच पदार्थांत विष आहे, ते विष ठरते की नाही हे मात्रेवर अवलंबून असते. पुढे १८१४ पासून ऑर्फिला याने आपल्या ग्रंथातून विषांचा पद्धतशीर अभ्यास मांडला. १८३६ साली जेम्स मार्शने आर्सेनिक ओळखण्याची कसोटी शोधली, आणि विषविज्ञान न्यायालयात साक्ष देऊ लागले.

येथे एक गंमत नोंदवावीशी वाटते. आमच्या खेड्यांत कीटकनाशकाला कोणी विष म्हणत नाही. त्याला 'औषध' म्हणतात. "कपाशीवर औषध मारायचंय," असेच वाक्य कानी पडते. कपाशीच्या दृष्टीने ते औषध खरेच आहे. पण त्या शब्दामुळे हाताळणाऱ्याच्या मनातली भीती नाहीशी होते, आणि चरकाने सांगितलेली दुसरी बाजू विसरली जाते. विषविज्ञानाचा पहिला तास म्हणूनच मी या एका शब्दावर घालवतो. औषध, पण कोणाचे? आणि विष, पण कोणाला? एवढे विचारले की वर्ग जागा होतो.

त्यानंतर मी फळ्यावर पाच प्रश्न लिहितो: पदार्थ कोणता, मात्रा किती, वाट कोणती, कोणाच्या शरीरात, आणि किती काळ. माझ्या मते पदवीच्या वर्गातील विषविज्ञान या पाच प्रश्नांत मावते. विषांच्या नावांची लांबलचक यादी पाठ करण्याची गरज नसते.

पदार्थ कोणता?

१९८६ च्या जानेवारी-फेब्रुवारीत मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात ग्लिसरीन दिल्यानंतर १४ रुग्ण मरण पावले. ग्लिसरीन हे विष नव्हे. मेंदूतील किंवा डोळ्यांतील दाब उतरविण्यासाठी ते तोंडाने देण्याची पद्धत होती. पण त्या ग्लिसरीनमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल मिसळलेले होते. म्हणजे १९३७ सालचाच पदार्थ ४९ वर्षांनी मुंबईत पुन्हा हजर झाला. या प्रकरणाच्या चौकशीसाठी न्यायमूर्ती लेंटिन यांचा आयोग नेमला गेला, आणि औषधांच्या खरेदीपासून तपासणीपर्यंतची सारी साखळी त्या निमित्ताने लोकांपुढे आली.

रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्याने हे दोन पदार्थ शेजारी शेजारी ठेवून पाहावेत. दोन्ही रंगहीन, दाट आणि चवीला गोड आहेत. दोन्हींत अल्कोहोल-गट आहेत. डोळ्यांना आणि जिभेला फरक कळणार नाही. पण ग्लिसरीनची घनता सुमारे १·२६ आहे, डायएथिलीन ग्लायकॉलची सुमारे १·१२. पहिल्याचा उत्कलनबिंदू २९० अंश सेल्सिअस, दुसऱ्याचा सुमारे २४५. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला घनतेची बाटली वापरता येते. घनता कमी आली म्हणजे काहीतरी मिसळले आहे एवढे कळते. ते पाणी आहे की ग्लायकॉल हे मात्र घनता सांगत नाही. त्यासाठी पातळ-थर वर्णलेखन किंवा वायु-वर्णलेखन करावे लागते. कोणती कसोटी काय सांगते आणि कशाविषयी गप्प बसते हे विद्यार्थ्याला येथे जितके नीट कळते तितके दहा व्याख्यानांत कळत नाही.

शरीरात गेल्यावर ग्लायकॉलच्या अल्कोहोल-गटाचे ऑक्सिडीकरण होऊन डायग्लायकॉलिक आम्ल तयार होते आणि ते मूत्रपिंडे निकामी करते. अल्कोहोलचे आम्लात ऑक्सिडीकरण हा तर दुसऱ्या वर्षाचा धडा! मिथिल अल्कोहोलचेही तसेच. त्यापासून शरीरात प्रथम फॉर्माल्डिहाइड आणि मग फॉर्मिक आम्ल बनते. २०१५ च्या जूनमध्ये मुंबईतील मालवणी येथे विषारी दारूने शंभराहून अधिक माणसे मेली, ती मिथिल अल्कोहोलमुळे. पिण्याच्या अल्कोहोलमध्ये आणि यात अंतर एका कार्बन अणूचे आहे.

ग्लायकॉलची गोष्ट येथे संपत नाही. २०२५ साली मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यात खोकल्याच्या औषधातून हाच पदार्थ पोटात गेल्याने वीसहून अधिक बालके दगावली. त्यांतील कित्येकांवर नागपूरला उपचार चालू होते. उद्या वाळूजच्या एखाद्या प्रयोगशाळेत कच्च्या मालाच्या पिंपावर 'मंजूर' अशी चिठ्ठी लावणारा हात आपल्या विद्यार्थ्याचा असेल. त्या हाताला १९३७, १९८६ आणि २०२५ ही तीन साले माहीत असावीत, असे मला वाटते.

मात्रा किती?

विषारीपणा मोजण्याचे प्रचलित माप १९२७ साली ट्रेव्हन या शास्त्रज्ञाने सुचविले. प्रयोगातील निम्मे प्राणी ज्या मात्रेने मरतात ती मात्रा, शरीराच्या दर किलोग्रॅम वजनामागे मिलिग्रॅममध्ये सांगावयाची. तिला निम्मी मारक मात्रा म्हणू. आकडा जितका लहान तितका पदार्थ जास्त विषारी. उंदरांना तोंडाने दिल्यास साखरेचा हा आकडा सुमारे २९,७०० आहे, मिठाचा सुमारे ३,०००, मॅलॅथिऑनचा सुमारे २,१००, चहा-कॉफीतील कॅफिनचा सुमारे १९२, आणि मोनोक्रोटोफॉसचा सुमारे १४. साखर आणि मोनोक्रोटोफॉस ही दोन्ही नावे एकाच पट्टीवर पाहिली की 'सर्वच पदार्थांत विष आहे' हे पॅरासेल्ससचे म्हणणे विद्यार्थ्याला पटते, आणि त्याच वेळी 'सगळेच सारखे विषारी' हा गैरसमजही दूर होतो.

हे आकडे आपल्या घरात आलेलेच आहेत. फक्त ते आकड्यांच्या रूपात नाहीत. १९६८ च्या कीटकनाशक कायद्याखालील १९७१ च्या नियमांनुसार प्रत्येक बाटलीच्या लेबलावर कोनावर उभा केलेला एक चौकोन असतो. त्याचे दोन त्रिकोण पाडलेले असतात आणि खालचा त्रिकोण रंगीत असतो. तोंडावाटेची निम्मी मारक मात्रा १ ते ५० असेल तर लाल, ५१ ते ५०० असेल तर पिवळा, ५०१ ते ५,००० असेल तर निळा, आणि त्याहून अधिक असेल तर हिरवा. लाल रंगावर कवटी आणि हाडांची खूण असते. आता वरचे आकडे या रंगांत बसवा. मोनोक्रोटोफॉस लालमध्ये येते, मॅलॅथिऑन निळ्यात. बाटलीवरचा रंग म्हणजे जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेतील एका आलेखाचा सारांश आहे. ही गोष्ट शेतकऱ्याला कोणी सांगत नाही, आणि आजवर आपण ती रसायनशास्त्राच्या पदवीधरालाही सांगत नव्हतो.

हा आलेख वर्गात काढता येतो, आणि त्यासाठी एकही प्राणी मारावा लागत नाही. पाच बशांत टीपकागद घालावा. पहिल्या बशीत साधे पाणी, पुढच्या चारांत अर्धा, एक, दीड आणि दोन टक्के मिठाचे द्रावण सारख्या मापाने घालावे. प्रत्येकीत मुगाचे २० दाणे ठेवावेत, बशा झाकाव्यात आणि तीन दिवसांनी मोड मोजावेत. साध्या पाण्यात बहुतेक सर्व दाण्यांना मोड येतात. मीठ वाढेल तशी संख्या घटत जाते आणि शेवटी जवळजवळ शून्यावर येते. मोड आलेल्या दाण्यांचीही मुळे मोजली तर ती आखूड झालेली दिसतात. म्हणजे दाणा मेला नाही, पण अपाय झाला. आणि एका बशीतील वीसही दाणे एकाच वेळी हार मानीत नाहीत, काही कणखर निघतात तर काही नाजूक. मारक मात्रा निम्म्यावरून का मोजतात याचे उत्तर या बशीत आहे. वीस रुपयांचे मूग आणि स्वयंपाकघरातील मीठ एवढाच काय तो खर्च.

वाट कोणती?

लेबलाचा रंग वाचता आला तरी काम संपत नाही. २०१७ च्या पावसाळ्याअखेर यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करणाऱ्या वीसहून अधिक शेतकरी-शेतमजुरांचा विषबाधेने मृत्यू झाला आणि शेकडो जणांना रुग्णालयात दाखल करावे लागले. यांपैकी बहुतेकांनी विष प्यालेले नव्हते. ते त्यांच्या कातडीतून आणि श्वासातून आत गेले. त्या वर्षी कपाशी माणसाच्या उंचीला लागलेली होती, त्यामुळे फवारा कमरेखाली न राहता छातीवर आणि तोंडावर येत होता. हवा दमट होती, अंग घामाने भिजलेले होते, हातमोजे आणि मुखवटा नव्हता, आणि दोन-तीन औषधे एकत्र करून मारण्याची चाल होती.

मुलांना हे सांगितले की ती आपल्या घरच्या गोष्टी सांगू लागतात. उघड्या हाताने बादलीत औषध ढवळणे, नोझल तुंबले की तोंडाने फुंकणे, पाठीवरचा पंप गळत असूनही तसाच चालवणे, वाऱ्याच्या दिशेकडे तोंड करून चालणे, त्याच कपड्यांवर भाकरी खाणे. यांतील प्रत्येक सवय ही एक वाट आहे. बाजारातली पुष्कळ औषधे तेलकट विद्रावकात असतात. तेलकट पदार्थ कातडीतून सहज आत शिरतो, कारण कातडीचा वरचा थर स्वतःच स्निग्ध आहे. समधर्मी पदार्थ समधर्मी पदार्थात विरघळतो हा विद्राव्यतेचा नियम विद्यार्थ्याने अकरावीतच पाठ केलेला असतो. तो नियम बापाच्या पाठीवरही लागू पडतो हे त्याला कोणी दाखविलेले नसते.

शरीरात काय घडते?

येथे थोडे रसायन सांगणे भाग आहे. मज्जातंतू स्नायूला किंवा ग्रंथीला संदेश देतो तो असेटिलकोलीन नावाच्या पदार्थाच्या मार्फत. संदेश पोहोचला की हा पदार्थ लगेच नाहीसा व्हावा लागतो. ते काम कोलीनएस्टरेज नावाचे विकर करते. विकर ही एक अतिशय चपळ कात्री समजा. ती क्षणात हजारो रेणू कापते. कापताना रेणूचा एक तुकडा कात्रीच्या पात्याला क्षणभर चिकटतो आणि पाण्याने सुटून जातो. मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस, डायमिथोएट या वर्गातील औषधे या पात्याला फॉस्फरसचा तुकडा चिकटवतात, आणि तो सहजासहजी सुटत नाही. कात्री बंद पडते. असेटिलकोलीन साचत जाते आणि संदेश थांबतच नाहीत. डोळ्यांतून पाणी, तोंडातून लाळ, अंगाला दरदरून घाम, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, स्नायूंची थरथर, फुप्फुसांत स्राव, आणि अखेर श्वास बंद.

उपचारही रसायनाच्याच भाषेत समजतात. ॲट्रोपीन हे असेटिलकोलीनच्या संदेशाला ग्रंथींपाशी अडवते, त्यामुळे फुप्फुसांतील स्राव आटतो. पण ते कात्री दुरुस्त करीत नाही. प्रॅलिडॉक्झाइम हे दुसरे औषध फॉस्फरसच्या तुकड्यावर चढाई करून त्याला पात्यावरून ओढून काढते. आमच्या भाषेत हीच केंद्रकस्नेही प्रतिष्ठापनाची विक्रिया. मात्र काही तास उलटले की तो तुकडा आपले रूप बदलतो आणि कायमचा जखडला जातो, मग ओढणारा निष्प्रभ ठरतो. 'लवकर घाटीत न्या' या सल्ल्यामागे हे रसायन आहे. हे कळलेला मुलगा लिंबू-ताक पाजत, दूध-तूप देत, बळेच ओकाऱ्या काढीत वेळ दवडणार नाही. तेलकट विद्रावक ओकताना फुप्फुसात गेले तर एकावर दुसरे संकट येते, हेही त्याला उमगेल. तो कपडे उतरवील, साबणाने आणि भरपूर पाण्याने अंग धुवील, बाटलीचे लेबल बरोबर घेईल आणि रुग्णालय गाठील.

कोणाला आणि किती काळ?

मॅलॅथिऑन किडीला मारते आणि माणसाला त्या मानाने कमी बाधते, याचे कारण सस्तन प्राण्यांच्या शरीरातील दुसरे एक विकर त्याचे जलीय विच्छेदन करून टाकते. किडीत ते विकर तुटपुंजे असते. पण हे संरक्षण अभंग नाही. १९७६ साली पाकिस्तानात मलेरिया निर्मूलनासाठी मॅलॅथिऑन फवारणाऱ्या सुमारे ७,५०० कामगारांपैकी सुमारे २,८०० जणांना बाधा झाली आणि काही दगावले. साठवणीत तयार झालेल्या आयसोमॅलॅथिऑन या अशुद्धीने ते रक्षक विकरच निकामी केले होते. निळ्या त्रिकोणावर विसंबून राहणाऱ्याने हे उदाहरण लक्षात ठेवावे.

शरीराच्या वजनाचा हिशोब तर साधा त्रैराशिकाचा आहे. १२ किलोच्या मुलाच्या आणि ६० किलोच्या माणसाच्या पोटात सारखाच घोट गेला तर मुलाला पाचपट मात्रा मिळते. २०१३ च्या जुलैत बिहारमधील सारण जिल्ह्यातील एका शाळेत मध्यान्ह भोजनातून मोनोक्रोटोफॉस पोटात गेले आणि २३ मुले मेली. भाजीपाल्यावर वापरण्यास या औषधाला २००५ सालीच बंदी झालेली होती. रिकामे डबे धुऊन घरात वापरण्याची आपल्याकडील सवय या हिशोबात ठेवून पाहावी.

राहिला काळाचा प्रश्न. बंद पडलेली कात्री शरीर नव्याने घडवते, पण त्याला काही आठवडे लागतात. जो मजूर आज या शेतात, उद्या त्या शेतात असा रोज पंप पाठीला लावतो, त्याची भरपाई होण्याआधीच पुढची घट होते. पहिल्या दिवशी काही झाले नाही म्हणून आठव्या दिवशी होणार नाही, असे म्हणता येत नाही. फ्लोराइडचे उदाहरण याहून संथ आहे. पिण्याच्या पाण्यात लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत ते चालते, दुसरा स्रोत नसेल तर दीडपर्यंत. त्याहून अधिक फ्लोराइडचे पाणी वर्षानुवर्षे प्याले तर दातांवर डाग पडतात आणि पुढे हाडे ताठरतात. नांदेड, यवतमाळ, चंद्रपूर या जिल्ह्यांच्या काही भागांतील लोक हे अनुभवाने जाणतात. एका पेल्याने काहीच होत नाही. वीस वर्षांच्या पेल्यांनी कंबर वाकते.

एक आक्षेप

हा विषय शिकवू नये असे म्हणणारे स्नेही मला भेटतात. "मुलांचे वय अवघड, काळ अवघड, विषाची माहिती कशाला द्यायची?" असे ते म्हणतात. आक्षेप मनापासून केलेला आहे आणि मराठवाड्यात राहणाऱ्याने तो हसण्यावारी नेऊ नये. पण विष आम्ही वर्गात आणत नाही. ते कृषी सेवा केंद्रात रांगेने मांडलेले आहे आणि घरात खुंटीवर टांगलेले आहे. वर्गात येते ते त्याला दूर ठेवण्याचे, कुलपात ठेवण्याचे आणि वेळेवर उतरविण्याचे ज्ञान. शिकवताना पथ्य मात्र जरूर पाळावे. मारक मात्रेपेक्षा उताऱ्यावर आणि उशीर टाळण्यावर अधिक वेळ द्यावा, आणि वर्गातील एखादे मूल या विषयाने अस्वस्थ दिसले तर तास संपल्यावर त्याच्याजवळ जाऊन बसावे.

दुसरा आक्षेप असा की आपल्या शहरात न्यायसहायक विज्ञानाची शासकीय संस्था आहे, वैद्यकीय महाविद्यालय आहे, मग रसायनशास्त्राने हा भार का घ्यावा? त्यावर माझे म्हणणे एवढेच की न्यायसहायक विज्ञान विष शोधते ते बहुधा घटना घडून गेल्यावर, आणि डॉक्टरांपुढे माणूस येतो तो बाधा झाल्यावर. पदार्थ पिंपात किंवा बाटलीत असतानाच त्याची ओळख असलेला माणूस म्हणजे रसायनज्ञ. त्याच्यानंतर जे येतात ते सर्व उशिरा येतात.

काय करता येईल

वेगळा अभ्यासक्रम, वेगळा पेपर, नवे अनुदान यांची वाट पाहण्याचे कारण नाही. अल्कोहोलचे ऑक्सिडीकरण शिकवताना पाच मिनिटे मिथिल अल्कोहोलसाठी द्यावीत. एस्टरचे जलीय विच्छेदन शिकवताना कोलीनएस्टरेजचे नाव घ्यावे. घनतेच्या प्रयोगात ग्लिसरीन वापरून जे. जे.ची हकीकत सांगावी. विद्राव्यतेच्या धड्यात कातडीचे उदाहरण द्यावे. असे केले तर विषविज्ञान आहे त्याच तासांत सामावते.

आणि एक गृहपाठ द्यावा. तो मी दरवर्षी दिवाळीच्या सुटीत देतो. घरी किंवा शेजारी फवारणीच्या जेवढ्या बाटल्या असतील त्यांच्या लेबलांची छायाचित्रे आणावीत. बाटल्या आणू नयेत. रंग कोणता, मूळ घटक कोणता, उतारा कोणता लिहिला आहे, आणि बाटली कुठे ठेवलेली होती, एवढे चार रकान्यांत लिहावे. लेबलावरची अक्षरे इतकी बारीक असतात की वडिलांना ती वाचता येत नाहीत, आणि आजीला तर वाचताच येत नाही. म्हणून पाचवा रकाना असा: 'हे लेबल मी घरात कोणाला वाचून दाखविले.' या रकान्याला मी सर्वांत जास्त गुण ठेवले आहेत.

विद्यार्थी मित्रांनी हा रकाना कोणी गुण न देताही भरावा, आणि माझ्या प्राध्यापक बंधुभगिनींनी आपापल्या विषयाच्या तासाला तो भरून घ्यावा, अशी माझी विनंती आहे. भाषेच्या वर्गात लेबल सोप्या मराठीत लिहून पाहता येईल, अर्थशास्त्राच्या वर्गात फवारणीच्या मजुरीचा हिशोब मांडता येईल. फवारणीचा हंगाम दरवर्षी येतो. त्याच्या आधी एक तास आपल्या हातात असतो.